करगोट्यातली दोन बोटे

देवी काढणाऱ्या माणसाचे स्वागत कोणत्याच गावात होत नाही. मी वेशीत दिसलो की कुत्र्यांच्या आधी बायकांना कळायचे. कडेवरचे मूल पदराआड, पाळण्यातले माळ्यावर, आणि रांगते असले तर परसदाराने थेट शेजारच्या वाडीत. एकदा माजिवड्याला एका घरात कोंबड्यांच्या डालग्याखालून मूल रडू लागले. म्हातारी माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "कोंबरी खुडूक झालीय." मीही तितक्याच शांतपणे डालगे उचलले आणि त्या कोंबडीच्या दंडावर देवी काढल्या.

मासिकाच्या संपादकांनी दिवाळीसाठी माझ्याकडे अशाच गमती मागितल्या आहेत. "आता पेन्शनीत निघालात, बापूसाहेब, चार लोकांना हसवा," म्हणाले. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की लेखणी फिरून फिरून एकाच ठिकाणी जाते, आणि ते ठिकाण हसण्याचे नाही. म्हणून हसण्यासारखे आहे ते आधी सांगून टाकतो. ज्यांना सणाचे तोंड गोड ठेवायचे असेल त्यांनी मध्येच अंक मिटावा, मला राग नाही.

देवीची लस टोचण्याचा हा धंदा कसा चालतो ते सांगायला हवे. हल्ली वासराची लस निघाली आहे, नळीतून येते, काम सोपे झाले. आमच्या वेळी लस मुलाच्या दंडातून मुलाच्या दंडात जायची. आज एका मुलाच्या दंडावर नस्तराच्या बारीक पात्याने ओरखडे काढून लस लावायची. आठव्या दिवशी तिथे टपोरे फोड येतात. त्या फोडांतले पाणी काढून तिथल्या तिथे दुसऱ्या मुलांना टोचायचे. म्हणजे लस चालती ठेवायची तर दर आठवड्याला एखादे फोड आलेले मूल, आईसकट, माझ्याबरोबर पुढच्या गावाला यायला हवे. त्याला आम्ही 'लसीचे मूल' म्हणत असू. ते अगदी निरोगी हवे. मानेला गाठी नकोत, कारण गाठी म्हणजे गंडमाळा आणि गंडमाळा म्हणजे बहुतेक क्षयाचीच धाकटी बहीण. अंगावर खरूज नको, पोट नगाऱ्यासारखे नको. मी मुलाला उघडे करून उजेडात फिरवून फिरवून बघायचो. आयांना वाटायचे, हा बाजारात भोपळा निवडतो आहे.

गंमत अशी की फोडातले पाणी काढले की मुलाचे सत्त्व जाते, अशी बायकांची ठाम समजूत. त्यामुळे गुटगुटीत मुले माळ्यावर जायची आणि रोडकी, शेंबडी माझ्यापुढे मांडली जायची. "हेच काय ते धडधाकट आहे गावात," असे पाटलीणबाई शपथेवर सांगायच्या. लोक देवीडॉक्टरशी खोटे बोलतात, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. तेच शिकणे मला पुढे भोवले.

टेंभी नाक्यावरच्या एका शिरस्तेदारांनी मला ओटीच्या खालीच थांबवून विचारले होते, "लसीचे मूल कोणत्या ज्ञातीचे?" त्या दिवशीचे मूल कोळ्याचे होते, ते समोरच आईच्या काखेत बसून बोट चोखत होते. मी म्हणालो, "साहेब, नस्तर गंगेच्या पाण्यात धुतले आहे." "कोणत्या गंगेच्या?" "मासुंदा तलावाच्या." त्यांनी थोडा विचार केला, नस्तर पुन्हा एकदा धुवून घेतले आणि मुलाला पुढे केले. तो मुलगा आज वकील आहे. त्याच्या दंडात कोळीवाड्याचे पाणी आहे, हे त्याला मी अजून सांगितलेले नाही.

आता हिराबाई.

कळव्याला खाडीकाठच्या कोळीवाड्यात ही सुईण होती. पन्नाशीची, विधवा, अंगाने दणकट. उजव्या दंडात काळ्या दोऱ्यात चांदीचा ताईत बांधलेला, तो मांसात रुतून बसलेला असायचा. वाड्यातले प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेले, त्यामुळे तिने सांगितले तरच बायका मुले बाहेर काढायच्या. मला ती फार उपयोगी होती आणि ते तिला पक्के ठाऊक होते.

एका वर्षी मी लसीचे मूल म्हणून एक पोरगा निवडला. वर्षाचा असेल. गाल वर आलेले, मानेला गाठ नाही, खुदुखुदु हसत होता. हिराबाई माझ्या मागून म्हणाली, "या पोराचं पानी नको घेव, डाक्तर."

"का? बघ की कसा हसतो आहे."

"हसताय त हसूं दे. करगोटा सैल परलाय त्याचा."

मला हसू आले. कमरेचा काळा दोरा, आपण सगळेच बांधतो, त्यात काय बघायचे? पण तिने पोराला मांडीवर आडवे घेतले आणि करगोट्याखाली तीन बोटे सरकवून दाखवली. मग मला समजावून सांगितले. बाराव्या दिवशी ती स्वतः प्रत्येक मुलाला करगोटा बांधायची, तिची दोन बोटे जेमतेम आत जातील इतका. गाठ अशी मारायची की ती सुटत नसे, कापावीच लागे. मूल वाढते, दोरा वाढत नाही. म्हणून निरोगी मुलाचा करगोटा घट्ट होत जातो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कापून नवा बांधावा लागतो. प्रत्येक अमावास्येला ती वाड्यात फिरून बोटे घालून बघायची.

"दोन बोटां गेली त बेस," ती म्हणाली. "तीन गेली त घरान कोन खोकताय ता बगायचा. मूठ गेली त मंग काय बगायचा नाय."

त्या पोराच्या घरी आजा खोकत होता, हे मी मागाहून विचारून घेतले. शिमग्याच्या आत पोरगा गेला. शेवटच्या महिन्यात त्याचे गाल उतरले, तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांना दिसू लागले. तिच्या बोटांना ते तीन महिने आधी दिसले होते.

मी हादरलो ते त्याच्या मरणाने नव्हे. मुले मरतात, आमच्या घरातही दोन पाळण्यातच गेली होती. हादरलो ते यामुळे की गोऱ्या डॉक्टरांच्या पुस्तकांत मला जे मिळाले नाही ते या अक्षरशत्रू बाईच्या दोन बोटांत होते. मुलांचा क्षय हा मोठा लबाड रोग आहे. मोठी माणसे खोकतात, थुंकतात, रक्त पडते. लहान मूल खोकत नाही. ते नुसते वाढायचे थांबते, आणि घरचे म्हणतात दात येताहेत, दृष्ट लागली, मुडदूस झाला. त्याच सुमारास जर्मनीतल्या एका डॉक्टराला क्षयाचा जंतू सापडल्याचे वर्तमानपत्रात आले होते. जंतू म्हणजे तो कोणाकडून तरी मुलाकडे येणार. मग खोकणाऱ्यापासून मूल वेळेत दूर केले तर? हा विचार माझ्या डोक्यात शिरला आणि मी त्याने झपाटलो.

मी हिराबाईची रीत माझ्या सगळ्या गावांत लावायची ठरवली. मूल देवी काढायला आले की करगोटाही दोन बोटांचा बांधायचा, आणि गावच्या सुइणीने अमावास्येला तपासायचा. तीन बोटे गेली की घरात जो खोकतो त्याने ओटीवर निजायचे, त्याचे भांडे वेगळे, मुलाला दूध उकळून द्यायचे आणि मुशी माशाच्या काळजाचे तेल रोज चमचाभर पाजायचे. तेलावरून तर भांडणेच झाली. "होरीला लावताव ता पोराला पाजू?" असे होड्यांना हेच तेल चोपडणाऱ्या कोळणी विचारायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या पेटीत काळ्या दोऱ्याची गुंडाळी बघितली आणि विचारले, "तू व्हॅक्सिनेटर आहेस की शिंपी? तुला दंड बघायला ठेवले आहे, कंबर बघायला नाही." मी 'होय साहेब' म्हणालो आणि गुंडाळी खिशात टाकली.

काही मुले वाचली. वाचली असे मी म्हणतो. ती तशीही वाचली असती की काय, हे देव जाणे. पण तीन बोटांची दोन झाली की आईच्या तोंडावर जे दिसे ते मी पाहिले आहे, आणि त्या दोन-तीन वर्षांत मी स्वतःला फार मोठा माणूस समजू लागलो होतो.

माझी चूक तिथेच झाली. बाकीच्या सुइणींना ते जमेना. कोणी गाठ सैल मारी, कोणी पोट फुगलेले असताना बांधी, कोणी लाजेने खोटेच सांगे. मला वाटले, हिराबाईच का नको? मी तिला लसीच्या मुलाबरोबर गावोगाव नेऊ लागलो. कळवा, माजिवडा, ठाण्याच्या पेठेतली घरे. ती प्रत्येक मुलाला मांडीवर घ्यायची, बोटे घालायची, आणि रडणाऱ्याला गप्प करायला भाताचा घास स्वतःच्या तोंडात चावून, मऊ करून त्याच्या तोंडात द्यायची. आमच्याकडे आज्या तेच करतात, त्यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. मुले तिला लगेच बिलगायची.

पुढे एका हिवाळ्यात कळव्याच्या वाड्यात एकदम पाच मुलांचे करगोटे सैल पडले. पाचही घरे वेगळी. मी प्रत्येक घरी विचारले, "खोकतो कोण?" सगळीकडे एकच उत्तर, कोणी नाही. मला ते खरे वाटले नाही. मुले डालग्याखाली लपवणारी माणसे खोकला लपवणार नाहीत? गोमा नावाचा एक तरणा कोळी होता, त्याची मुलगी अकरा महिन्यांची. त्याला मी चारचौघांत बोललो, "तूच खोकतोस आणि लपवतोस. पोरीचा जीव घेणार आहेस."

"दर्याची आन, डाक्तर, मी खोकत नाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

मी त्याला हिवाळाभर होडीत निजायला लावले. तो बिचारा निजला. त्याची मुलगी पौषात गेली. हिराबाई माझ्या शेजारी उभी राहून हे सगळे ऐकत होती, अधूनमधून पदर तोंडाला लावत होती. चुलीचा धूर बाधतो, असे ती म्हणायची.

याच वर्षी आमची मथी सात महिन्यांची झाली होती. दोन गेल्यानंतरची ही तिसरी, त्यामुळे घरात तिच्यावर सगळ्यांचा जीव. आमचे घर मासे खाणारे, कोळीण दाराशी रोजची, पण दाराशी. हिराबाईला मी माजघरात आणले तेव्हा आईने कपाळाला आठ्या घातल्या. "अरे बापू, आपल्याकडे काय हात नाहीत बोटे घालायला?" ती म्हणाली. मी तिला विज्ञानावर एक व्याख्यान दिले. हिराबाई दर पंधरवड्याला येऊ लागली. मथी तिला बघताच हात पसरायची. हिराबाई तिला मांडीवर घेऊन तासतासभर बसायची, चिंबोरीची गाणी म्हणायची, घास भरवायची. माझे कुटुंब, मथीची आई, कौतुकाने बघत राहायचे.

संक्रांतीच्या सुमारास हिराबाईने मथीच्या करगोट्यात बोटे घातली. पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बापूसायब, तीन गेली."

त्या क्षणाचे काय लिहू? इतक्या आयांना मी हा तीनाचा आकडा किती सहज ऐकवला होता. मग ताबडतोब माझ्यातला देवीडॉक्टर जागा झाला. घरात खोकते कोण? आमच्या घरी एकच माणूस खोकत होते, माझी आई. तिला दमा होता, वर तपकिरीचे व्यसन. पहाटे उठून ती पाच-दहा मिनिटे खोकायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण मी म्हणालो, दम्याच्या नावाखाली काय दडले आहे कोणी सांगावे?

"आई, तुला काही दिवस कल्याणला थोरल्या भाऊंकडे जावे लागेल," मी सांगितले.

तिला एका क्षणात कळले. माझ्या कामाची सगळी कीर्तने तिने ऐकली होती. "माझ्यामुळे का रे?" एवढेच तिने विचारले. मी खाली बघितले. माझे कुटुंब म्हणाले, "अहो, त्यांना निदान उन्हाळ्यापर्यंत..." मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी आई तपकिरीची डबी, जपाची माळ आणि दोन लुगडी घेऊन आगगाडीत बसली. निघताना तिने मथीला हात लावला नाही. दारातूनच कानशिलांवर बोटे मोडून तिची दृष्ट काढली.

आई गेली आणि हिराबाईचे येणे वाढले. मीच वाढवले. "आता आठवड्याला ये," मी तिला म्हणालो. "नीट लक्ष ठेवायला हवे."

मुशीचे तेल, उकळलेले दूध, सकाळचे ऊन, सगळे चालू होते. मथी उतरतच होती. तिच्या हसण्यात काही फरक नव्हता, ते सगळ्यात वाईट. फाल्गुनात एका दुपारी हिराबाई नवा करगोटा बांधायला तिला मांडीवर घेऊन बसली. जुना तिने कापला, कारण तो आता नुसताच लोंबत होता. नवा दोरा कमरेभोवती घेताना तिने हात खाली केला, आणि तिच्या दंडातला ताईत कोपरावरून घसरून, मनगटावरून निघून फरशीवर पडला.

चांदीचा तो खणखणीत आवाज झाला तेव्हा मथी हसली. हिराबाईने तो उचलला, दोऱ्याचे दोन वेढे दंडाला दिले आणि पुन्हा अडकवला. मग तिला खोकल्याची उबळ आली. तिने पदर तोंडाला लावला. मथी तिच्या मांडीवरच होती.

माझा सगळा जन्म दंड बघण्यात गेला. साहेबांनी मला दंड बघायलाच ठेवले होते. हजारो दंड मी उजेडात धरून बघितले, आणि जो दंड वर्षानुवर्षे माझ्या शेजारी हलत होता, ज्याच्या मांसात ताईत रुतलेला मी स्वतः पाहिला होता, तो कधी काठीसारखा झाला ते मला दिसले नाही. गोमाच्या घरी कोणी खोकत नव्हते. त्या पाचही घरांत कोणी खोकत नव्हते. ते खरे बोलत होते. खोकणारे माणूस मी माझ्या हाताने घरोघर नेत होतो.

मी त्या दुपारी मथीला तिच्या मांडीवरून उचलले, एवढेच. दुसऱ्या दिवशी आधी कल्याणला गेलो.

आई भाऊंच्या पडवीत वेगळ्या बाजेवर बसली होती. पेल्याला खूण म्हणून दोरा बांधलेला. तो तिनेच बांधला होता. मला बघताच ती उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर इतकी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना.

"मी इकडे आल्यावर तरी तिची तीनाची दोन झाली का रे, बापू?"

मी तिचे पाय धरले. "तुझ्यामुळे नव्हतेच ते, आई. चल घरी."

"मग कोणामुळे?"

याचे उत्तर मी तिला त्या दिवशी दिले नाही आणि पुढेही कधी दिले नाही. ती माझ्याबरोबर आली. तिने राग धरला नाही. धरला असता तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी होडीने कळव्याला गेलो. हिराबाई बंदरावर सुकट निवडत बसली होती. मी चार हात लांब उभा राहिलो. इतकी वर्षे तिच्याशेजारी बसणारा मी लांब उभा राहिलो, हे तिने बघितले.

"हिराबाई, तुझ्या ताईताचा दोरा बघू."

तिने वेढे सोडले आणि दोरा पुन्हा दंडात चढवला. त्यात एक-एक करून चारही बोटे घातली. "मूठ जाते, बापूसायब," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"दोन पावसाले झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"मी म्हातारी. म्हातारी सुकतेच. पोरांची बोटां मी बगते, माजी कोन बगताय?" असे म्हणता म्हणता ती थांबली. तिचे हात सुकटीत तसेच राहिले. मी काहीच समजावून सांगितले नाही, सांगावे लागले नाही. ती एकेक नाव घेऊ लागली. गोमाची पोर. तिच्या शेजारची. पलीकडच्या घरच्या जुळ्यांपैकी एक. पाच झाली, सहा झाली, मग माजिवड्याची. शेवटी म्हणाली, "आन तुमची मथी." आणि पदराने स्वतःचे तोंड पुसू लागली. पुसत राहिली. "माज्या तोंडचा घास," ती म्हणाली. "मी माज्या तोंडचा घास दिला सगल्यांना."

मला रडू आले. मी म्हणालो, "मी वाड्यात सांगतो, माझीच चूक आहे. मीच तुला नेले."

"नको," ती एकदम म्हणाली. "बोललाव त मना मारतील, ता चालंल. पन मंग कोनची आय कंच्याच सुइनीला पोराला हात लावू द्यायची नाय. मंग करगोटे कोन बगंल? तुमी गप ऱ्हा. मी बगतंय काय करायचा ता."

तिने काय केले ते मला महिनाभराने कळले. ती घरातून उठून बंदराच्या टोकाला, एका मोडक्या होडीच्या आडोशाला राहायला गेली. बायका सवयीने मुले घेऊन तिच्याकडे जात. ती त्यांना घाणेरड्या शिव्या द्यायची. तरी गेल्या तर दगड मारायची. जिच्या हातावर अख्खा वाडा जन्मला ती बाई मूल जवळ येताना दिसले की दगड उचलायची. आधी लोक म्हणाले म्हातारीला वेड लागले. मग कोणीतरी म्हणाले, ज्या घरी ही बसायची तिथलीच पोरे सुकली. ते खरेच होते. त्यावरून एका दिवसात ती चेटकीण झाली, आणि वाड्यातल्या प्रत्येक आईने तिने बांधलेला करगोटा कापून खाडीत टाकला. ज्यासाठी तिने हे सोंग घेतले तेच संपले. माजिवड्यालाही ती बातमी माझ्या आधी पोचली. पुढे त्या गावांत करगोट्याला हात लावायला गेलो की बायका मुले ओढून घ्यायच्या. साहेबांचे म्हणणे खरे झाले, मी नुसते दंड बघू लागलो.

मी वाड्यात जाऊन खरे सांगू शकलो असतो. सांगितले नाही. तिने शब्द घेतला होता असे मी स्वतःला म्हणत आलो. पण माझी नोकरी होती, आणि गोमाला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती, हेही आहे. आज लिहितो आहे ते पेन्शनीत बसून, आणि कोळीवाड्यात हे मासिक कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे.

मथी चैत्रात गेली. शेवटचे पंधरा दिवस ती माझ्या आईच्याच मांडीवर होती. तिच्या कमरेला हिराबाईने त्या दुपारी बांधलेला करगोटा होता. पोरीला नेण्याआधी तो काढावा लागतो. ती गाठ सुटत नाही हे मला ठाऊक होते, तरी आई बराच वेळ सोडवत बसली. शेवटी मी नस्तर आणले.

पंधरा दिवसांनी कामासाठी होडीने कळव्याला उतरलो. बंदराच्या टोकाला हिराबाई बसली होती, उरली होती तेवढी. तिच्याशी कोणी बोलत नव्हते, त्यामुळे ठाण्यातली बातमी तिला कळलेली नव्हती. तिने मला ओळखले. जवळ येऊ नको म्हणून आधी तळहात दाखवला. मग तोच हात वर धरून एक बोट उघडले, दुसरे उघडले, तिसरे उघडले, आणि मान हलवून मला विचारले.

मी दोन बोटे वर केली.

ती हसली. तिने खाडीला हात जोडले.